ट्रायम्फ जीटी६ : पहिल्या फेरीत काय जाणवतं आणि का

ट्रायम्फ या ब्रिटिश कंपनीची जीटी६ ही दोन आसनी, बंद छपराची स्पोर्ट्स गाडी चालवायला बसण्याआधी तिच्याबद्दल ऐकलेल्या दोन गोष्टी बाजूला ठेवाव्यात. एक म्हणजे ‘गरिबाची ई-टाइप’ हे बिरुद (ई-टाइप ही जग्वारची गाजलेली स्पोर्ट्स गाडी). दुसरी म्हणजे ‘वळणावर हिची शेपूट सुटते’ ही ख्याती. पहिलीमुळे माणूस मनातल्या मनात जग्वारशी तुलना करत बसतो, दुसरीमुळे गाडी घ्यायलाच कचरतो. या दोन्हींच्या मध्ये एक फार चांगली गाडी जवळजवळ साठ वर्षं मागे पडून राहिली आहे. १९६६ ते १९७३ या काळात एकूण ४०,९२६ जीटी६ बनल्या. तिच्या समोर उभ्या असलेल्या एमजीबी या दुसऱ्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचा आकडा पाच लाखांवर गेला. तरीही इंजिनाच्या गोडव्यात एमजीबीचा चार सिलिंडरचा गट हिच्या जवळपासही येत नाही, हे मी ठामपणे म्हणतो.

गाडीचा जन्म समजून घेतला की पुढचं बरंच सोपं होतं. जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन डिझायनरने स्पिटफायर या ट्रायम्फच्या लहान, उघड्या स्पोर्ट्स गाडीवर मागे उतरत जाणारं छप्पर बसवून एक नमुना तयार केला होता. छपराचं वजन ११४७ सीसीच्या इंजिनाला झेपेना, म्हणून तो बाजूला पडला. छपराचा आकार मात्र हवा कापण्यात उपयोगी ठरला. त्याच धर्तीच्या छपराच्या स्पिटफायर फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरल्या आणि १९६५ मध्ये त्यांनी आपला वर्ग जिंकला. मग ट्रायम्फ २००० या चार दारांच्या गाडीचं सहा सिलिंडरचं, १९९८ सीसीचं इंजिन त्या नाकात बसवलं गेलं. त्याच्या उंचीसाठी बॉनेटला तो ओळखीचा फुगवटा द्यावा लागला. म्हणजे चेसिस ट्रायम्फच्याच हेराल्ड आणि स्पिटफायर या लहान गाड्यांच्या घराण्यातली, इंजिन मोठ्या चार दारांच्या गाडीचं. गाडीचे सगळे गुण आणि सगळे दोष या एका सोयरिकीतून आले आहेत.

बसल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो ठेंगणेपणा. पाय जवळजवळ आडवे पसरतात, गिअरबॉक्सवरचं रुंद आवरण मांडीला लागतं आणि समोर अक्रोडाच्या लाकडाच्या डॅशबोर्डवर स्पीडोमीटर आणि आरपीएमची तबकडी असते. पेडल लहान आणि एकमेकांना खेटून आहेत. जाड तळव्याचे बूट घालून बसलात तर ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबले जातील, तेव्हा पातळ तळव्याचे घाला.

चोक ओढून किल्ली फिरवण्याआधी मात्र खाली उतरून एक तपासणी कराच. दोन्ही बाजूंचे खटके सोडले की बॉनेट मडगार्डांसकट अख्खं पुढे उलटतं आणि इंजिन तिन्ही बाजूंनी मोकळं होतं. दुसऱ्या कुणाला तरी क्लच दाबायला सांगा आणि पुढची क्रँक पुली (इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या टोकावरची पट्ट्याची चकती) बघा. क्लच दाबताना पुली डोळ्यांना दिसेल इतकी पुढे सरकत असेल तर व्यवहार तिथेच थांबवा. या इंजिनात क्रँकशाफ्टची पुढेमागे होणारी हालचाल मागच्या मेन बेअरिंगपाशी बसवलेले अर्धचंद्राकृती थ्रस्ट वॉशर रोखतात. क्लच दाबला की सगळा रेटा त्यांच्यावर येतो. ते झिजून पातळ झाले की जागेवरून निसटून थेट संपमध्ये, म्हणजे तळाच्या तेलाच्या पात्रात, पडतात. मग क्रँकची कड ब्लॉकच्या धातूवर घासू लागते, आणि थोडक्या पैशांच्या वॉशरपायी क्रँक आणि ब्लॉक दोन्ही जातात. डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारी तबकडी) लावून मोजलं तर ०.१५ ते ०.२० मिलिमीटर खेळ उत्तम. ०.३५ च्या पुढे गेला की वॉशर बदलायला घ्या. काम इंजिन न उतरवता होतं: संप काढायचा, मागच्या मेन बेअरिंगची कॅप सोडायची आणि जुने वॉशर सरकवून नवे घालायचे. त्यांच्या खाचा असलेली बाजू क्रँकच्या दिशेने यायला हवी. उलटे बसले तर तेल पोचत नाही आणि नवे वॉशरही लवकर संपतात. ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून गिअरमध्ये उभं राहण्याची सवय या गाडीत सोडावी, न्यूट्रल करून पाय काढावा.

थंड इंजिन सुरू होताना दोन-तीन सेकंद खडखड ऐकू आली तर ते बहुतेक वेळा फिल्टरचं दुखणं असतं. गाडी उभी असताना फिल्टरमधलं तेल परत संपमध्ये उतरतं आणि सुरू करताना बेअरिंग क्षणभर कोरडी राहतात. तेल परत न सोडणारी झडप असलेला स्पिन-ऑन फिल्टर, त्याच्या ॲडॉप्टरसकट, बसवला की हा त्रास मिटतो. तेल २०डब्ल्यू५०, आणि जस्ताचं प्रमाण चांगलं असलेलं. आधुनिक पातळ तेल झडपा हलवणाऱ्या या कॅम आणि टॅपेटना मानवत नाही.

आता रस्त्यावर. पहिले दोन गिअर टाकून तिसऱ्यात जाईपर्यंत लक्षात येतं की ही गाडी ताणून चालवायची नाही. मार्क १ चं (म्हणजे पहिल्या आवृत्तीचं) इंजिन ५,००० आरपीएमला ९५ अश्वशक्ती देतं, मार्क २ आणि ३ चं १०४. आकडे आज किरकोळ वाटतील, पण मार्क १ चं वजन जेमतेम ८६५ किलो आहे आणि ताकद ३,००० आरपीएमच्या आसपासच भरात येते. चौथ्या गिअरमध्ये १,५०० वरून नुसता पाय दाबला तरी ती एकाही धक्क्याशिवाय ओढत जाते. दोन स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर नीट जुळवलेले असतील तर आवाजात कुठेही खरखर नसते, नुसती एक सलग घुमारदार लय. वेल्समधल्या वळणावळणाच्या रस्त्यांवर तिसऱ्या आणि चौथ्या गिअरवर तासन्‌तास जाता येतं. स्पिटफायरमध्ये हेच अंतर कापायला सतत गिअर बदलावे लागतात.

लांबच्या रस्त्यासाठी ओव्हरड्राइव्ह (गिअरबॉक्सला जोडलेला जादा उंच गिअर) असलेली गाडीच शोधावी. लेकॉकचं हे युनिट तिसऱ्या आणि चौथ्या गिअरवर चालतं आणि आरपीएम सुमारे २० टक्क्यांनी उतरवतं. ३.२७ गुणोत्तराच्या डिफरेन्शियलवर (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी, थोडक्यात डिफ) ताशी ११० किलोमीटरला साधारण ३,४०० आरपीएम लागतात, म्हणजे ओव्हरड्राइव्हमध्ये २,७०० च्या जवळ. पण इतक्या वर्षांत पुष्कळ गाड्यांचे डिफ बदलले गेले आहेत, तेव्हा विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबू नका. एक मागचं चाक जमिनीवर ठेवून दुसरं जॅकने उचला, गाडी न्यूट्रलमध्ये घ्या, उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रॉपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून डिफकडे जाणाऱ्या दांड्याचे) फेरे मोजा. सव्वातीन आले तर ३.२७, चारला थोडेच कमी आले तर ३.८९. ओव्हरड्राइव्ह लागतच नसेल तर युनिट उघडण्याआधी सोलेनॉइड (ते चालू करणारं विद्युतचुंबक), गिअरबॉक्सवरचा स्विच आणि वायरिंग तपासा. बिघाड बहुधा तिथेच सापडतो. तो स्विच कुणी बगल देऊन जोडला असेल तर मात्र तात्काळ पूर्ववत करा. ओव्हरड्राइव्ह लागलेलं असताना रिव्हर्स पडला तर आतला एकाच दिशेने फिरणारा क्लच मोडतो.

स्टिअरिंग रॅक आणि पिनियनचं आहे. उभ्या गाडीत जड, हलली की हलकं, आणि रस्ता हाताला स्पष्ट सांगणारं. हेराल्डच्या घराण्याची ओळख असलेलं अगदी लहान वर्तुळात वळणंही हिच्यात उतरलं आहे. पहिल्या वळणाला कळतं की नाक जड आहे. लोखंडी सहा सिलिंडर पुढच्या अंगाला बसले आहेत, त्यामुळे घट्ट वळणात ती आधी बाहेरच्या बाजूला ओढते. सर्व्हो (ब्रेकला जोर पुरवणारं यंत्र) नसलेल्या गाडीत ब्रेकला चांगला जोर द्यावा लागतो. पुढे डिस्क, मागे ड्रम आहेत, थांबण्याची ताकद पुरेशी आहे, फक्त पाय धीटपणे टाकायचा.

आता त्या बदनाम मागच्या बाजूबद्दल. मार्क १ ला स्विंग ॲक्सल आहे. आडवा पाटा (पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) डिफरेन्शियलच्या डोक्यावर पक्का बसवलेला आणि दोन्ही ॲक्सल डिफपाशी एकेका सांध्यावर वरखाली होणारे. वेगात वळण घेताना मध्येच घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढे जातं, मागची बाजू उचलली जाते आणि बाहेरचं चाक गाडीच्या पोटाखाली दुमडू लागतं. टायरचा रस्त्याला टेकणारा पट्टा अरुंद होतो आणि शेपूट बाहेर पडते. हे खरं आहे. पण ते ठरावीक चुकीमुळेच होतं. ब्रेक सरळ रस्त्यावर आटोपायचा, वळणात शिरताना वेग योग्य असावा आणि मध्यावरून पाय हळूहळू दाबत बाहेर पडायचं. असं चालवलं तर मार्क १ सुद्धा शहाण्यासारखी वागते. ओल्या रस्त्यावर मात्र तिला घाई चालत नाही.

कंपनीने १९६८ च्या मार्क २ मध्ये यावर खरा उपाय केला. खाली उलटा विशबोन (चाक धरणारा दोन फाट्यांचा दांडा), वर तोच पाटा, आणि शाफ्टमध्ये रोटोफ्लेक्स हे रबराचं जाड कडं. चाकाचा कोन आता काबूत राहतो आणि गाडीचा स्वभावच बदलतो. किंमत मोजावी लागते ती रबराच्या आयुष्याची. गाडीखाली जाऊन बॅटरीच्या उजेडात कड्यांवरच्या भेगा पाहा. बोटाचं नख आत जाईल इतकी भेग असेल तर दोन्ही बाजूंची कडी बदला. नवं कडं पोलादी पट्टीने आवळलेलं येतं. बोल्ट पूर्ण बसल्यावरच ती पट्टी कापायची. आधी कापली तर रबर फुगतं आणि भोकं जुळत नाहीत. विशबोनच्या बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून, तिचं वजन सस्पेन्शनवर आल्यावर शेवटचे आवळायचे, नाहीतर बुश पीळ खाऊन फाटतात. हल्ली सीव्ही जॉइंटचे (रबराऐवजी पोलादी सांध्याचे) शाफ्टही मिळतात. रोज चालवायची गाडी असेल तर तो बदल मला पटतो. १९७३ च्या शेवटच्या मार्क ३ मध्ये कंपनीने खर्च वाचवायला रोटोफ्लेक्स काढला आणि पुन्हा स्विंग ॲक्सल दिला, पण यावेळी पाट्याची एकच पट्टी डिफला पक्की आणि बाकीच्या वर मोकळ्या डोलणाऱ्या. जोडीला पुढे जाड अँटी-रोल बार, म्हणजे वळणात गाडी कलणं रोखणारा दांडा. हा जोडउपाय साधा आहे आणि चांगला चालतो.

मागच्या ॲक्सलची एवढी चर्चा होते, पण खरा धोका पुढे आहे. पुढच्या चाकाचा उभा दांडा खालच्या टोकाला पितळी ट्रनियनमध्ये (आटे असलेल्या सांध्यात) आट्यांवर फिरतो. तिथे ग्रीस नको, ईपी ९० गिअर ऑइल हवं. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही, वाळतं, पाणी आत शिरतं, पोलादी दांडा आतून गंजतो आणि एके दिवशी तिथेच तुटून चाक आडवं पडतं. प्लग काढून निपल बसवा आणि ऑइल गनने वरच्या सीलमधून तेल झिरपेपर्यंत भरा. सहा हजार मैलांची वाट न पाहता वर्षातून दोनदा केलं तर उत्तम. डाव्या-उजव्या बाजूंचे आटे उलट दिशांचे असतात, सुट्या भागांची अदलाबदल होऊ देऊ नका. नवा ट्रनियन शेवटपर्यंत आवळून मग इतका मागे घ्या की चाक दोन्हीकडे पूर्ण वळेल. मद्रासला १९६१ पासून बनलेल्या स्टँडर्ड हेराल्डची पुढची बांधणीही याच घराण्यातली. मुंबई-पुण्यात ज्या घरांत हेराल्ड होती, तिथल्या जुन्या मेकॅनिकांना हा सांधा चांगला ओळखीचा. हेराल्ड जपून ठेवली असेल तर तिलाही हेच तेल द्या.

ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक एमओटी तपासणी सक्तीची राहिलेली नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं कुणीही खाली डोकावलं नाही अशा जीटी६ बाजारात येतात. विकत घेण्याआधी स्वतःहून एमओटी करवून घ्या, आणि त्यातही ट्रनियन व मागच्या रेडियस आर्मची (मागचा ॲक्सल पुढेमागे सरकू न देणाऱ्या दांड्याची) पत्र्यावरची बैठक मुद्दाम दाखवायला सांगा. गंजाच्या बाबतीत सिल, म्हणजे दारांखालच्या पत्र्याच्या पोकळ तुळया, सर्वांत महत्त्वाचे. चेसिसला बाहेरच्या कडा नसल्यामुळे मधला भार बराचसा सिलच तोलतात. दाराची मागची फट वर अरुंद आणि खाली रुंद दिसली तर गाडी मध्ये वाकली आहे असं समजा. असे सिल कापताना दाराच्या चौकटीत आधी आडवा नळ वेल्ड करून आधार द्या, नंतरच पत्र्याला हात लावा.

आत शिरणारी उष्णता ही पहिल्या फेरीतली शेवटची, पण नक्की होणारी तक्रार. इंजिनाने नाक गच्च भरलं आहे आणि गिअरबॉक्सवरचं आवरण दाबलेल्या पुठ्ठ्याचं. ते वाकतं, कडा सुटतात आणि गरम हवा थेट पायांवर येते. फायबरग्लासचं किंवा प्लास्टिकचं आवरण घ्या, कडेला नवी फोमची पट्टी लावा, बोल्टखाली मोठे वॉशर घाला आणि बल्कहेडमधलं (इंजिन आणि प्रवाशांच्या मधल्या पत्र्यातलं) प्रत्येक रिकामं भोक रबरी बुचाने बंद करा. मार्क २ पासून बॉनेटच्या बाजूंना फटी, डॅशबोर्डवर वाऱ्याच्या झडपा आणि मागे हवा बाहेर जायची वाट मिळाली, त्याने बराच फरक पडतो. या आवरणाचा एक फायदाही आहे: सीट, डॅशबोर्डखालचा कंस आणि हे आवरण काढलं की गिअरबॉक्स आतूनच बाहेर येतो. दुसऱ्या गिअरचा सिंक्रोमेश (गिअर बदलताना दाते गुपचूप जुळवणारा भाग) दमला असेल तर हे काम ठरलेलंच आहे. स्पिटफायरच्या कुळातल्या त्या लहान गिअरबॉक्सवर मोठ्या इंजिनाचा भार पडतो, म्हणून पहिल्या-दुसऱ्यात पाय आपटू नये.

पेट्रोल शक्यतो ई५ चं (पाच टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं) सुपर भरा. सप्टेंबर २०२१ पासून ब्रिटनमधल्या पंपांवर साधं पेट्रोल ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं) झालं आहे आणि जुन्या रबरी नळ्या त्याने मऊ पडून गळतात. नळ्या तरीही इथेनॉल सोसणाऱ्या प्रकारच्या घालून टाका. घेताना कुठली घ्यावी, तर माझी पसंती मार्क २ ला. रोटोफ्लेक्सच्या देखभालीची तयारी नसेल तर १९७३ ची शेवटची मार्क ३ शोधावी. मार्क १ दिसायला सर्वांत सुबक आहे, पण ती घ्यायची तर पाटा मार्क ३ च्या डोलणाऱ्या पद्धतीचा बसवावा आणि त्याच्याबरोबर पुढचा जाड बारही. नुसता पाटा बदलून बार तसाच ठेवला तर गाडी वळणात जास्तच कलते.