पाण्यातलं रोप कुजत कसं नाही?

घरी कुणीही आलं की चहा होईपर्यंत पुस्तकांच्या कपाटाशी जातंच. खालच्या खणातली पुस्तकं काढून मी तिथे एक ट्यूब लावली आहे, तिच्याखाली माती नसलेले, नुसत्या खताच्या पाण्याचे चार डबे (याला हायड्रोपोनिक्स म्हणतात) आणि डब्यांच्या झाकणांतून वर आलेली लेट्यूसची पानं. मग डोकं वाकवून तोच प्रश्न येतो : "चोवीस तास मुळं पाण्यात! कुजत कशी नाहीत?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कुजतात. माझी पहिली सहा रोपं कुजलीच.

पहिला संच मी तयार विकत आणला होता. सहा भोकं, वर दिवा, आत पाणी फिरवणारा अंगठ्याएवढा पंप. पंप रात्रभर घूं घूं करायचा, म्हणून झोपताना मी तो बंद करायचे. आणि सकाळी पाणी खाली गेलेलं दिसलं की तुळशीला घालावं तसं तांब्याने काठोकाठ भरायचे. आठवड्याभरात पानांनी माना टाकल्या. मला वाटलं तहान लागली असेल, आणखी पाणी ओतलं. शेवटी झाकण उचललं तर मुळं चहाच्या चोथ्यासारखी तपकिरी, बोटाला बुळबुळीत. वास म्हणाल तर फुलदाणीतलं पाणी आठ दिवस बदललं नाही की येतो तो.

नेमके तेव्हा मामा आले होते. जुन्नरकडे त्यांची शेती, कांदा आणि टोमॅटो. त्यांनी एक मूळ बोटांत चुरडलं, नाकाशी नेलं आणि म्हणाले, "अगं, वाफसाच नाही याला. शेतात पाणी तुंबलं की टोमॅटो असाच बसतो."

वाफसा म्हणजे काय, हे शेतीवाल्या घरांत सांगावं लागत नाही. पाऊस पडून गेला की लगेच कुणी औत घालत नाही. मूठभर माती दाबून बघतात. हाताला चिखल लागला तर थांबायचं. गोळा झाला आणि खाली टाकल्यावर फुटला, तर वाफसा आला. म्हणजे मातीच्या कणांमधल्या जागेत ओलही आहे आणि हवाही. मुळंही श्वास घेतात हे शाळेत पाठ केलं होतं, पण माझ्या डब्याला वाफसा लागतो हे कळायला मामा यावे लागले. रात्री पंप बंद करून आणि तांब्याने काठोकाठ भरून मी मुळांची हवाच तोडत होते.

(समोरच्या काकू मूळच्या रत्नागिरीच्या. त्यांनी लगेच अडवलं : "मग आमचा भात कसा उभा राहतो पाण्यात?" भाताच्या आत हवेच्या पोकळ नळ्या असतात, पानांकडून आलेला प्राणवायू त्यांतून मुळांपर्यंत उतरतो. लेट्यूसकडे तशी सोय नाही.)

आता माझ्याकडे पंप नाही. अमेरिकेतल्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठातले बर्नार्ड क्रॅटकी यांची पद्धत वापरते. माझ्यासारख्या आळशी बाईसाठीच काढली असावी. साधारण चार लिटरचा डबा, झाकणाला भोक, भोकात जाळीचा पेला, पेल्यात स्पंजवर रुजलेलं रोप. सुरुवातीला पाणी पेल्याच्या बुडाला टेकेल एवढं. रोप पाणी पितं, पातळी उतरते, आणि झाकण नि पाणी यांच्यामध्ये दमट हवेची जागा होते. म्हणजे वाफसाच. महिन्याने झाकण उचलून बघा, एकाच रोपाला दोन तऱ्हेची मुळं दिसतील. पाण्यातली लांब आणि गुळगुळीत, दोऱ्यासारखी. वरची आखूड, लवदार, कापूस पिंजल्यासारखी. वरची हवा घेतात, खालची पाणी आणि खत. वरची एकदा हवेला सरावली की त्यांना परत बुडवायचं नाही. माझा तांब्या तिथेच नडला होता. चार लिटर पाणी एका रोपाला काढणीपर्यंत बहुतेक पुरतं. अगदीच तळ दिसायला लागला तर थोडं घालायचं, पण वरची जागा मोकळी ठेवून.

डबा मात्र काळोखा हवा. माझा पहिला डबा पारदर्शक होता, मुळं दिसावीत म्हणून हौसेने घेतलेला. दहा दिवसांत आत शेवाळ. आता डब्यांना पोळ्या गुंडाळायची फॉइल चिकटवलेली असते. आणि पाणी गार हवं. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशांवर साडेसातच्या आसपास. त्यात गरम पाण्यात मुळं जास्त श्वास मागतात आणि कुजवणारी बुरशीही फोफावते.

खताच्या दोन बाटल्या येतात, अ आणि ब. मी एकदा घाईत दोन्ही एकाच वाटीत ओतल्या. बघता बघता ताकासारखं पांढरं झालं आणि खाली चुन्यासारखा साका बसला. एकीत कॅल्शियम, दुसरीत सल्फेट आणि फॉस्फेट. दाट असताना भेटले की त्यांची गट्टी जमते आणि रोपाच्या वाट्याला काही येत नाही. आधी पाणी, मग अ, ढवळायचं, मग ब. सामू, म्हणजे पाण्याचा पीएच, साडेपाच ते साडेसहा. आमच्याकडे टँकरचं पाणी आलं की तो हमखास वर चढतो.

परवडतं का, हा पुढचा प्रश्न. 18 वॅटची ट्यूब 14 तास म्हणजे दिवसाला पाव युनिट. डबे, खत, सामू मोजायचा मीटर धरलं तर मंडईतला गड्डा स्वस्त पडतो, यात वाद नको. आणि खरं सांगायचं तर लेट्यूसला मेथीची सर नाही. पण सँडविचसाठी बाहेरची चार पानं तोडून आणायची आणि मधला कोंब वाढू द्यायचा, ही चैन मंडईत मिळत नाही.

उन्हाळ्यात मी थांबते. एका मे महिन्यात बारा बिया टाकल्या, दोन रुजल्या. उकाड्यात हे बी झोपून जातं. त्या दोघींनीही लवकरच दांडा वर काढला. पान तोडलं की पांढरा चीक, आणि चव कारल्याच्या वळणाची. तेव्हापासून मार्चअखेर डबे घासून गॅलरीत पालथे घालते आणि पुस्तकं परत खणात लावते. तुम्हाला मुळं बघायची असतील तर दिवाळीनंतर या.