लाटांवर जायचंय? मग सप बोर्डचे लिटर नीट बघा

पुण्यात सप (बोर्डवर उभं राहून पॅडल म्हणजे वल्हं मारणं) शिकलेल्या आपल्या सगळ्यांचा बोर्डाचा अंदाज धरणाच्या पाण्यावर बनलेला असतो, माझाही तसाच होता. खडकवासल्याला सकाळी वारा नसतो, पाणी काचेसारखं, त्यामुळे १० फूट ६ इंचाचा, ३२ इंच रुंद, हवा भरायचा बोर्ड मला एकदम परफेक्ट वाटायचा. दुकानदार म्हणाला समुद्रातही हाच चालेल, आणि मी तोच घेऊन कोकणात गेलो. तिथे लाट मागून आली की बोर्डाचं नाक, म्हणजे पुढचं टोक, पाण्यात घुसायचं आणि मी थेट पुढे. त्या बोर्डाला नाकाशी वरच्या बाजूला वळण फार कमी, कडा सहा इंच जाड आणि गोल, व्हॉल्यूम (घनफळ) जवळजवळ ३०० लिटर, तो पाण्यात कड रोवून वळतच नाही.

आता हिशोब सांगतो. एक लिटर म्हणजे साधारण एक किलो वजन तरंगतं. माझं वजन ७८, बोर्ड ९ किलोचा, वर ओले कपडे, म्हणजे ९० लिटरचा बोर्ड मी नुसता उभा राहिलो तरी पाण्याखाली जायच्या बेतात. मुरलेले लोक वजनाच्या जवळपासचे लिटर वापरतात कारण ते पॅडल थांबवतच नाहीत. शिवाय लाट फुटल्यावरच्या फेसात हवा असते, तिथे बोर्ड अजून कमी तरंगतो, हे धरणावर कधीच कळत नाही.

म्हणून वर्षातून चार-पाच वेळाच समुद्र गाठणाऱ्या पुणेकराने वजनाच्या दीडपट लिटर धरावेत असं माझं ठाम मत आहे. मला ११७ येतात, मी १२० चा हार्ड बोर्ड घेतला, ९ फूट लांब, ३१ इंच रुंद. पण नुसत्या लिटरवर जाऊ नका हं, तेवढेच लिटर अरुंद आणि जाड बोर्डातही बसतात आणि तो पायाखाली डुगडुगतो. आधी रुंदी बघा, मग नाकाचं वळण, मग लिटर.

पॅडलपण धरणावरच्यापेक्षा थोडं छोटं ठेवा, लाटेवर गुडघे वाकलेले असतात. आणि लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधायची दोरी, बोर्डाच्या लांबीइतकी हवीच, सुटलेला ९ फुटी बोर्ड मागच्या माणसाच्या डोक्यावर जातो. पावसाळ्यात मात्र कोकणात बोर्ड काढूच नका, अगदी कितीही पोहता येत असलं तरी.