दहाव्याला भेटू

मी नेमकं काय काम करते हे घरी नीट कुणालाच माहीत नाहीये. आईला वाटतं डाटा एन्ट्री, मामा सगळ्यांना सांगतो कॉल सेंटर. खरं सांगायचं तर एका मोठ्या सोशल मीडिया ॲपवर लोक जे रिपोर्ट मारतात ना, त्यातलं मराठी आमच्याकडे येतं, आणि ते ठेवायचं की उडवायचं हे आम्ही ठरवतो. ॲपचं नाव घेणार नाही, आमच्या कंपनीचंही नाही, एनडीएवर, म्हणजे गुप्ततेच्या करारावर, सही केलीये. नाशिकला मुंबई नाक्याजवळ चौथ्या मजल्यावर ऑफिस आहे, आत जाताना मोबाईल लॉकरमध्ये, पेन कागदसुद्धा न्यायचा नाही, बाटली पण आरपार दिसणारी पाहिजे. वॉशरूमला गेलं तरी सिस्टीममध्ये कोड टाकून जायचं. असो.

लोकांना वाटतं शंभर जणांनी रिपोर्ट केलं की पोस्ट उडते. तसं नसतं. नियमात बसत असेल तर हजार रिपोर्टनी पण ती हलत नाही, बसत नसेल तर एकानं पुरतं. आणि सगळं काही माणूस बघत नाही, बरंचसं मशीनच निपटवते. एकदा पकडलेला घाणेरडा व्हिडिओ असेल तर त्याचा आकड्यांमधला ठसा काढून ठेवलेला असतो, तोच परत कुणी चढवायला गेलं की ठसा जुळतो आणि तो कुणाला दिसायच्या आधीच पडतो. मशीनला जे कळत नाही किंवा अर्धवट कळतं ते आमच्या क्यूमध्ये, म्हणजे तपासायच्या रांगेत. एका जॉबला, म्हणजे एका पोस्टच्या निकालाला, काही सेकंद. वर घड्याळ पळत असतं.

आता मशीनला मराठी किती कळतं ते विचारू नका. "तंगडं तोडीन तुझं" ही खरी धमकी म्हणून कितीतरी वेळा माझ्याकडे आलीये, खाली बघावं तर कुणाची तरी आई पोराच्या फोटोवर कमेंट करतेय, की रात्री दहानंतर गाडी घेऊन गेलास तर. मशीनच्या हिशोबानं चाललं असतं तर महाराष्ट्रातल्या निम्म्या आयांची अकाउंटं एका दिवसात बंद झाली असती.

तर तो दिवस. 2024 चा सप्टेंबर, गणपती विसर्जन होऊन तीन-चार दिवस झालेले, पितृपक्ष लागलेला. दुपारी तीनची शिफ्ट. क्यू तुडुंब भरलेला, मिरवणुकीतल्या भांडणांचे व्हिडिओ, कुणाच्या डीजेपुढे कुणाचं ढोल पथक अडलं, त्यावरून शिव्या, हे दरवर्षीचंच. साडेपाचच्या सुमारास एक जॉब आला. एका पोराचा फोटो, अठरा-एकोणीसचा असेल, गळ्यात ढोल, कपाळाला गुलाल. त्याच्याच अकाउंटवरचा फोटो उचलून कुणीतरी त्याला हार घातलेला, म्हणजे एडिट करून, झेंडूचा, खाली समई, आणि काळ्या पट्टीवर "भावपूर्ण श्रद्धांजली". आणि पोराला टॅग केलेलं.

खाली कमेंटी. "भावा लवकर गेलास." "RIP" तर दहा-बारा, इंग्रजीत. मग एक, "दहाव्याला भेटू रामकुंडावर". त्याच्याखाली दुसरा, "पिंडाला कावळा पण शिवणार नाही याच्या". आणि तिसऱ्यानं तारीख टाकलेली, पुढच्या शुक्रवारची, बाकी काही नाही, नुसती तारीख.

बाजूच्या पॅनेलमध्ये हिस्टरी दिसते. हीच पोस्ट आधी अकरा वेळा रिपोर्ट झालेली, सगळे रिपोर्ट एकाच अकाउंटवरून, म्हणजे तो पोरगा स्वतः. अकराही वेळा निकाल एकच, नियमांचं उल्लंघन होत नाही. पहिल्यांदा मशीननं ठरवलं आणि मग तोच निकाल पुढच्या दहांना चिकटत गेला, कारण पोस्ट तीच. का ठरवलं तेही दिसत होतं. ऑटो ट्रान्सलेशननं कमेंटचं केलेलं "दहा तारखेला रामकुंड इथे भेटू" असं काहीतरी, आणि पूर्ण पोस्टवर लेबल, शोकसंदेश.

म्हणजे तो पोरगा रोज सांगतोय की मी जिवंत आहे आणि हे मला मारायची तारीख टाकतायत, आणि ॲप त्याला उलट कळवतंय की तुमच्या दुःखद प्रसंगातल्या पोस्टमध्ये काही चूक नाही. मला हसू पण आलं एक क्षण, खोटं कशाला बोलू. मग पोटात गोळा.

आमच्या धमकीच्या पॉलिसीत ढोबळमानानं बघायचं असतं की रोख कुणावर आहे, काय करणार म्हणतायत, आणि हे नुसतं तोंडचं नाही असं वाटायला काही आहे का, जागा, वेळ, हत्यार. इथे माणूस आहे, जागा आहे, तारीख आहे. फक्त "मारणार" हा शब्द कुठंच नाही. मराठीत तो लागतच नाही ना पण! नाशिकमध्ये शेंबड्या पोराला पण कळेल रामकुंडावर दहाव्याला कशासाठी भेटतात. पण पॉलिसी लिहिणाऱ्यानं रामकुंड बघितलेलं नाही, आणि त्याला दोष तरी काय देणार, एक नियम जगभरच्या शेकडो भाषांना लावायचा म्हटल्यावर.

मी एस्केलेट मारलं, म्हणजे वर पाठवायला टाकलं, जिवाला धोका या खान्यात. त्या खान्याला टीम लीडचा होकार लागतो. आमचा लीड हैदराबादला बसतो, तेलुगू माणूस, हिंदी आमच्यासारखीच मोडकीतोडकी. कॉलवर आला, स्क्रीन बघितली, म्हणाला, "ये तो कंडोलन्स है ना? टेन्थ मतलब टेन्थ डेट?"

मी म्हटलं नाही सर, दसवाँ. "किस चीज का दसवाँ?" आता हे कसं सांगायचं. मी सुरुवात केली की आमच्याकडे माणूस गेला की दहाव्या दिवशी नदीवर विधी असतो, आणि सांगता सांगता मला पप्पांचाच दहावा आठवला. तीन वर्षं झाली. रामकुंडाजवळ पिंड ठेवलेला, सगळे लांब सरकून उभे, आणि कावळे समोरच्या पत्र्यावर बसून नुसते बघतायत. एक खाली यायचा, दोन उड्या मारायचा, परत वर. तासभर. काका प्रत्येक वेळी पुढे जाऊन हात जोडून काहीतरी कबूल करायचे, पोरीचं लग्न करू, घराचं कर्ज फेडू. शेवटी आई गेली आणि काय पुटपुटली माहीत नाही, तिनं आजपर्यंत सांगितलं नाही, आणि कावळा शिवला. एवढं सगळं मी लीडला सांगितलं नाही अर्थात. एवढंच म्हटलं, "सर, पिंड रखते हैं, कौआ आके छूता है तो आत्मा को शांती. ये लोग लिख रहे हैं कौआ भी नहीं छुएगा."

तिकडे शांतता. मला वाटलं लाइन गेली. मग तो म्हणाला, "कौआ हमारे यहाँ भी है." आणि लगेच, "भेजो, भेजो. मैं अप्रूव्ह करता हूँ."

पुढचं आमच्या हातात नसतं. जॉब वरच्या टीमकडे जातो, तिथं खरंच जिवावरचं वाटलं तर ते पोलिसांना कळवू शकतात, कळवलं की नाही हे आम्हाला सांगत नाहीत. पण माझी अडचण वेगळीच होती. मूळ फोटोत त्या पोराच्या मागे जो चौक होता तो मला माहीत होता, पंचवटीतला, मी दहावीला असताना तिथूनच क्लासला जायचे. ऑफिसातून रिक्षानं पंधरा मिनिटं. ब्रेकमध्ये लॉकरमधून फोन काढला, जिन्यात उभी राहिले, 112 दाबलं आणि खोडलं. कारण सांगणार काय, कुठून कळलं विचारलं तर? क्यूमध्ये दिसलेलं बाहेर बोललं की नोकरी जाते, केस पण होऊ शकते, आणि नियम तसा आहे तो पण उगाच नाहीये, उद्या मी ओळखीच्या प्रत्येकाच्या घरी जाऊन काय काय सांगत सुटले तर. हे सगळं मला तेव्हा पण पटत होतं. तरी दोन दिवस नीट जेवण गेलं नाही.

रात्री सव्वाआठला स्टेटस बदललं. पोस्ट काढली, चार अकाउंटं बंद. बस, एवढीच ओळ.

एक गोष्ट मात्र त्या पोराला कुणीतरी सांगायला हवी होती. तो अकरा वेळा तेच बटण दाबत होता. 2021 च्या आयटी नियमांप्रमाणे अशा मोठ्या कंपन्यांना भारतात राहणारा तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याचा पत्ता ॲपवर किंवा साइटवर द्यावाच लागतो, आणि तेव्हाच्या नियमानं त्यानं 24 तासात पोच द्यायची, 15 दिवसात निकाल लावायचा. तो दरवाजाच वेगळा आहे, तिथं माणसाला आपल्या शब्दात लिहिता येतं की बाबा मी मेलेलो नाही. त्याचंही उत्तर पटलं नाही तर 30 दिवसात सरकारच्या अपील समितीकडे जाता येतं, 2023 पासून त्या चालू आहेत, ऑनलाइनच. अर्थात जिवाची धमकी असेल तर हे सगळं नंतर, आधी पोलीस स्टेशन. पण ॲपमध्ये तो पत्ता इतका खोल पुरून ठेवलेला असतो की मलाही शोधायला वेळ लागला, आणि मी पगार घेते याचा.

पुढच्या शुक्रवारी आणि शनिवारी मी देशदूत पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. पंचवटीचं काही नव्हतं. पोराचं नाव मला आजही पाठ आहे, पण सर्च केलेलं नाही, ते पण चालत नाही.

गंमत नंतर झाली. आधी तर क्यूएनं, म्हणजे आमचे निकाल परत तपासणाऱ्या टीमनं, माझा निर्णय चूक धरला, "स्पष्ट धमकी नाही" म्हणून, आणि त्या आठवड्याचा माझा स्कोअर पडला. मी अपील टाकलं, लीडनं बाजू घेतली, मार्क परत मिळाले. मग कॅलिब्रेशन कॉलवर, म्हणजे सगळ्यांनी एकसारखे निकाल द्यावेत म्हणून होतो त्या कॉलवर, विषय निघाला आणि मोठ्या उत्साहात मराठी शब्दांची यादी मागितली. दहावा, दशक्रिया, पिंड, कावळा, रामकुंड, भावपूर्ण श्रद्धांजली. मीच टाइप करून दिली. मी तेव्हाच म्हटलं होतं की नुसते शब्द घेऊ नका, ज्याला टॅग केलंय तो जिवंत आहे का ते बघायला लावा, तर म्हणाले हो हो, फेज टू मध्ये.

फेज टू कधी आलं नाही. शब्द मात्र लगेच लागले. आणि मग काय, नाशिकमधलं प्रत्येक मयत माझ्या क्यूमध्ये यायला लागलं. "आमचे वडील यांचे दुःखद निधन झाले, दशक्रिया विधी रामकुंड पंचवटी येथे सकाळी 8 वाजता", खाली नातवंडांची नावं, वर लाल पट्टी, संभाव्य धमकी. निफाडचे आजोबा, ओझरच्या मावशी, सिडकोतले कुणी रिटायर्ड मास्तर. माणूस, जागा, वेळ, तारीख, सगळं आहे ना पॉलिसीप्रमाणे! कुणाची पोस्ट चार तास अडकलेली, कुणाची आख्खा दिवस, म्हणजे लोकांना विधी होऊन गेल्यावर कळायचं. एका शिफ्टला मी तीस-चाळीस तरी सोडवायचे.

ऑक्टोबरच्या शेवटी एक आली. फोटो बघून हात थांबला. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी. सकाळी व्हॉट्सॲपवर हाच निरोप आईनं मला फॉरवर्ड केलेला, उद्या तुला सुट्टी टाकायला जमेल का म्हणून. तोच फोटो, नऊवारीतला, चष्मा थोडा तिरका.

उल्लंघन नाही, दाबलं. मग ब्रेकचा कोड टाकला, लॉकरमधून फोन काढला आणि आईला कळवलं, येते म्हणून.