तुरळक ठिकाणी

मी हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यात कृषी सहायक आहे. आता पदाचं नाव बदलून सहाय्यक कृषी अधिकारी झालंय पण गावात अजून 'किरशीवाले सायेब'च चालतं, आणि खरं सांगायचं तर एप्रिलमध्ये मला खत-बियाणं कुणी विचारत नाही, एकच प्रश्न असतो, सायेब पाऊस हाय का? कारण तेव्हा आमच्याकडची सगळी हळद उघड्यावर पडलेली असते. काढलेली, वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये शिजवलेली, आखाड्यावर म्हणजे शेतातल्या वस्तीवर ताडपत्रीवर पसरलेली, आणि तिला दहा-पंधरा दिवस कडक ऊन पाहिजे. ओली पाच क्विंटल असेल तेव्हा कुठं वाळून एक क्विंटल हातात येते. नऊ महिने सांभाळायचं आणि शेवटच्या पंधरवड्यात एक सर आली की रंग गेला, मग मोंढ्यात व्यापारी हळकुंड मोडून बघतो, काही बोलत नाही, नुसता भाव पाडतो.

माझ्याकडं तीन गावं आहेत. तिन्ही गावांचा मिळून एक व्हॉट्सॲप ग्रुप केलाय. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं हवामान बुलेटिन मंगळवारी आणि शुक्रवारी येतं ते टाकायचं, मुंबईच्या हवामान केंद्राचा इशारा आला की तो टाकायचा, एवढंच काम. पण हे एवढंच काम किती अवघड जागेचं दुखणं आहे ते त्या एका सोमवारी कळलं.

आधी जरा मागचं सांगतो. एप्रिल लागायच्या तोंडावर हवामान खात्याचा जूनपर्यंतचा अंदाज येतो, त्यात त्या साली आमच्या भागात उष्णतेच्या लाटेचे दिवस सरासरीपेक्षा जास्त राहतील असं होतं. झालं, लोकांनी एवढंच धरून ठेवलं, औंदा नुसतं ऊन हाय म्हणं, पाऊस नाही. आता तीन महिन्यांचा अंदाज म्हणजे उन्हाळा एकूण कसा जाईल ते सांगणारा, उद्या दुपारी हळद झाकायची का नाही ते त्यात कुठून असणार. मी समजावून बघितलं पण चहाच्या टपरीवर उलट मलाच कैचीत धरलं, की सायेब ४२ टेंपरेचर हाय आन् तुमी म्हणता लाट नाही? म्हटलं अहो, लाट म्हणायला मैदानी भागात निदान ४० पाहिजे आणि वर सरासरीपेक्षा साडेचार डिग्री जास्त पाहिजे, आपल्याकडं एप्रिलच्या शेवटी सरासरीच ४० च्या पुढं मग ४२ ला लाट कशी होईल. एक आबा म्हणाले, म्हंजी आमाला रोजच भाजतंय म्हणून ते मोजायचं नाही व्हय. याच्यावर मला उत्तर सुचलं नाही, अजून सुचत नाही.

तर शनिवारी इशारा आला. यलो अलर्ट, तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजा, वादळी वारा, हलका पाऊस. मी तो टाकला आणि खाली शहाणपणा करून स्वतःची एक ओळ जोडली, 'सर्वांनी हळद गोळा करून झाकून घ्यावी'. लोकांनी ऐकलं. तीनही गावांत बायामाणसं लागली, ढीग केले, ताडपत्र्या ओढल्या, दगड ठेवले. आणि पाऊस पडला नांदेडच्या पलीकडं. आमच्याकडं थेंब नाही. वर रविवारी सकाळपर्यंत झाकलेली हळद आतून घामेजली, एका मामाची तर आदल्या दिवशीच शिजवलेली होती, त्यांनी मला बोलावून ढिगात हात घालायला लावला. आत कोमट, चिकट, आणि आंबूस वास. म्हणाले, पावसानं नाय, तुमच्या मेसेजनं भिजली. ग्रुपवर एकानं टाकलं, 'सायेबाचं आभाळ कोन्या गावात पडलं?' खाली हसण्याचे तोंडं चाळीस-पन्नास.

चूक माझीच होती तशी. तुरळक ठिकाणी या शब्दाला खात्याच्या भाषेत माप आहे, त्या भागातल्या शंभरातल्या जास्तीत जास्त पंचवीस केंद्रांवर पाऊस. म्हणजे उरलेल्या पंच्याहत्तर ठिकाणी कोरडं राहिलं तरी अंदाज बरोबरच. मी ते 'पाऊस येणार' असं करून टाकलं होतं. पण हे सांगणार कुणाला, सांगितलं तर म्हणतील मग आमचं गाव पंचवीसात का पंच्याहत्तरात ते सांगा.

सोमवारी सकाळपासूनच अंगाला काहीतरी वेगळं लागत होतं. आमचं ऊन कोरडं असतं, घाम येतो तसा उडून जातो, तोंडाला रुमाल बांधला की माणूस तग धरतो. त्या दिवशी घाम अंगावरच राहायला लागला, शर्ट पाठीला चिकटलेला. कुकरवर पाहणीला गेलो तर ड्रम खाली करणारी पोरं म्हणाली सायेब आज लै गदमदायलंय, वाफ बाहेर का आत तेच कळंना. माझ्याकडं एक स्वस्तातलं डिजिटल घड्याळासारखं यंत्र आहे, तापमान आणि आर्द्रता दाखवणारं, शेडच्या खांबाला अडकवून ठेवतो. आठवडाभर दुपारी ते ४१ आणि १३, ४१ आणि १४ असं दाखवत होतं. त्या दिवशी दोन वाजता ४१ आणि ३१. आधी वाटलं सेल गेला. टिचकी मारून बघितली, परत ३१.

बुलेटिनमध्ये दर उन्हाळ्यात एक वाक्य असतं, विदर्भापासून मराठवाडा, कर्नाटकमार्गे तामिळनाडूपर्यंत हवेचा कमी दाबाचा पट्टा आहे आणि समुद्रावरून बाष्प येत आहे. इतक्या वेळा वाचलंय की डोळा त्याच्यावरून घसरतोच. पण ते बाष्प म्हणजे हेच, माझ्या पाठीवरचं न वाळणारं. खाली जमीन तव्यासारखी तापलेली, ती या ओल्या हवेला वर फेकते, वर गारठा, की झालं दुपारच्या ढगाचं सामान तयार. नुसत्या कोरड्या ४१ ला काही होत नाही.

तीन वाजून दहा मिनिटांनी इशारा आला. पुढच्या तीन तासांत परभणी, हिंगोली, नांदेड जिल्ह्यांत तुरळक ठिकाणी विजांसह वादळी पाऊस. मी ग्रुप उघडला, पेस्ट केला, आणि पाठवायच्या बाणावर अंगठा नेऊन थांबलो. डोळ्यासमोर तो कोमट ढीग आणि हसणारी तोंडं. म्हटलं जरा बघू. आभाळ बघू मग टाकू. मेसेज पुसला.

मग मी काय केलं तर कडुलिंबाखाली उभं राहून दक्षिणेला पूर्णेच्या अंगाला बघत बसलो. आधी फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा पांढरा ढग होता, चांगला दिसत होता खरं तर, मग त्याचा माथा सपाट होऊन एका बाजूला पसरायला लागला, लोहाराच्या ऐरणीसारखा, आणि बुड काळंनिळं. दामिनी ॲप उघडलं, पुण्याच्या आयआयटीएमवाल्यांचं, वीज कुठं पडली ते दाखवतं, तर पूर्णेच्या बाजूला टिपक्यांचा सडा. तीन वाजून बावन्न मिनिटांनी मी व्हॉइस मेसेज टाकला, अक्षरशः ओरडून. मधली बेचाळीस मिनिटं माझी.

गाडी काढून जवळच्या आखाड्यावर गेलो. तिथं काकू, त्यांची सून आणि मजुरीच्या चार बाया होत्या, दोन एकरांची हळद पसरलेली, मेसेज कुणी ऐकलाच नव्हता कारण फोन पोराकडं आणि पोरगा वसमतला. वारं अजून पडलेलं होतं, पान हलत नव्हतं. आम्ही फावडी, पाट्या, जे मिळेल त्यानं हळद ओढायला लागलो. आणि मग एकदम गार वारं आलं, मातीचा लोट घेऊन, ताडपत्री फुगून हातातून सुटली आणि एका बाईला सोबत घेऊन दहा-बारा फूट गेली. थेंब पडले ते थेंब नव्हते, हरभऱ्याएवढ्या गारा होत्या. बाया पळाल्या त्या सवयीनं लिंबाखाली. मी आयुष्यात बायामाणसांवर इतका ओरडलो नसेन, झाडाखाली नका, घरात चला, घरात! स्लॅबच्या दोन खोल्या होत्या, सगळ्या आत कोंबल्या, दाराखिडकीपासून लांब बसा म्हटलं. काकू हळदीकडंच बघत होत्या, अर्धी झाकलेली अर्धी उघडी.

वीज पडली तेव्हा उजेड आणि आवाज यात अंतरच नव्हतं. कानात शिट्टी वाजत राहिली. बाहेर बघितलं तर लिंबाची साल वरपासून खालपर्यंत एक पट्टी सोलल्यासारखी निघालेली, पांढरं लाकूड ओलं चमकत होतं. आणि बुडाशी दाव्याला बांधलेली म्हशीची वगार आडवी.

हळदीच्या नादात तिला सोडायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. मलासुद्धा.

पाऊस वीसेक मिनिटंच होता. काकू गेल्या, दावं सोडलं, तिच्या कपाळावर हात ठेवला, म्हणाल्या, दोन महिन्यांत व्याली असती. रडल्या नाहीत. पदर खोचून ओल्या हळदीतून गारा वेचायला बसल्या, त्या वितळायच्या आत. मग आम्हीपण बसलो. पाच-सहा पोती तरी हळद काळवंडली.

दुसऱ्या दिवशी तलाठी, पशुधन विकासवाले डॉक्टर आणि मी, असा पंचनामा झाला. घटनेची वेळ विचारली तर मी सांगितलं, सव्वाचारच्या सुमारास. बरोबरच होतं ते. काकूंचा पोरगा मोबाईल घेऊन शेजारी उभा होता, म्हणाला सायेब मेसेज आला होता तुमचा, मीच उशिरा ऐकला. मी मान हलवली. तीन दहाचं काही बोललो नाही.

शुक्रवारी परत इशारा आला, परत तुरळक ठिकाणी. मी आला त्या मिनिटाला टाकला, जसाच्या तसा, आणि खाली एवढंच लिहिलं की चारात फार तर एक गाव भिजेल, कोणतं ते मला माहीत नाही, शिजून दोन दिवस झालेली झाका, आजची ओली उघडी ठेवून ताडपत्री जवळ ठेवा, जनावरं झाडाखालून सोडा. पाऊस आलाच नाही. रात्री त्या आंबूस ढिगाच्या मामांचा फोन, मी शिव्या खायच्या तयारीनं उचलला, तर ते विचारत होते की हळद पॉलिशच्या ड्रमवाल्याचा नंबर आहे का.