खोडलेल्या किमतीखालची बारीक ओळ

केळी १.२९ युरो किलो. शेजारी खोडलेली किंमत १.६९, आणि वर ठळक अक्षरांत २३ टक्के कमी. आता त्याखालची बारीक ओळ वाचा: गेल्या ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत, १.२९ युरो. म्हणजे महिन्याभरात याच भावाला ही केळी विकून झाली होती, तरीही जाहिरातीत ती तेवीस टक्क्यांनी स्वस्त!

जर्मनीतल्या आल्डी स्यूड या सुपरमार्केटच्या या जाहिरातीवरून इथल्या ग्राहक केंद्राने खटला भरला. ड्यूसेलडॉर्फच्या कोर्टातून तो थेट लक्झेंबर्गला, युरोपीय न्यायालयात गेला. २६ सप्टेंबर २०२४ ला निकाल लागला: टक्के सांगायचे असतील तर ते गेल्या ३० दिवसांतल्या सर्वांत कमी किमतीवरूनच मोजायचे. ती किंमत तळाशी बारीक छापायची आणि टक्के मात्र दुसऱ्याच आकड्यावरून काढायचे, हे चालणार नाही. खटला भरणारं बाडेन-व्युर्टेम्बर्गचं ग्राहक केंद्र माझ्याच शहरात, स्टुटगार्टमध्ये आहे. किलोमागे चाळीस सेंटच्या प्रश्नासाठी कुणीतरी युरोपातल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातं, हे वाचलं तेव्हा मला अक्षरशः भरून आलं. ज्या गोष्टीवर आपण लक्ष्मी रोडवर खांदे उडवून पुढे जातो, तिच्यासाठी इथे कुणीतरी वर्षानुवर्षं भांडत होतं.

नोव्हेंबर आला की क्योनिगश्ट्रासंवरच्या दुकानांच्या काचा ब्लॅक वीकच्या, म्हणजे ब्लॅक फ्रायडेच्या आठवडाभराच्या सेलच्या, काळ्या फलकांनी भरतात. त्याच सुमारास घरून निरोप सुरू होतात. मावसभावाला हेडफोन हवे असतात, वहिनीला एअर फ्रायर, कुणाला घड्याळ. 'तिकडे तर खरे सेल असतात ना, आपल्यासारखे नाही', असं प्रत्येक जण म्हणतो. हे वाक्य मला दोन्ही बाजूंनी टोचतं. इथले सेल तेवढे खरे नाहीत आणि आपले तेवढे खोटे नाहीत. म्हणूनच आज सविस्तर लिहायला बसले आहे.

आधी त्या बारीक ओळीबद्दल, कारण मला तिचं मनापासून कौतुक आहे. २८ मे २०२२ पासून जर्मनीत नियम आहे की किंमत कमी केल्याची जाहिरात करायची, तर त्याआधीच्या ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत सोबत सांगायची. नियम मुळात युरोपीय संघाचा, त्यामुळे फ्रान्समध्ये, पोलंडमध्ये, इटलीतही तो या ना त्या स्वरूपात आहे. त्याचं मर्म साधं आहे. सेलच्या आदल्या आठवड्यात भाव चढवायचा आणि सेलच्या दिवशी उतरवायचा, ही जगभरच्या दुकानदारांची जुनी युक्ती त्याने निकामी होते. चढवलेला भाव महिनाभर खरोखर लावून ठेवावा लागतो आणि त्या महिन्यात गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात निघून जातं. कुणाच्या प्रामाणिकपणावर विसंबून न राहता खोटेपणाच महाग करून ठेवला आहे. कायदा असाच असावा, असं मला वाटतं.

मी आता कुठलंही फलक बघितलं की आधी ती ओळ शोधते. माझी मुलगीसुद्धा शोधते.

पण याच देशात या नियमाला एक भलंमोठं दार ठेवलेलं आहे, आणि ब्लॅक वीकचा अर्धा बाजार त्या दारातून आत येतो. खोडलेली किंमत दुकानाची स्वतःची जुनी किंमत असेल तरच ३० दिवसांची अट लागते. ती उत्पादकाने सुचवलेली किंमत असेल, म्हणजे इथे जिला ऊफाउपे म्हणतात ती, तर अट लागत नाही. ऊफाउपे कुणावरही बंधनकारक नसते. बऱ्याच वस्तू बाजारात आल्यानंतर थोड्याच महिन्यांत त्या किमतीला कुठेच विकल्या जात नाहीत. तरीही नोव्हेंबरात तीच किंमत खोडून शेजारी ४३ टक्के लिहिलं जातं. मागच्या वर्षी एका मोठ्या दुकानात, नाव लिहीत नाही, व्हॅक्यूम क्लीनरवर मी हेच बघितलं: सुचवलेली किंमत ३४९, सेलची १९९. इडेआलो या भाव तुलना करणाऱ्या संकेतस्थळावर प्रत्येक वस्तूच्या किमतीचा आलेख असतो. तो उघडला, तर तोच क्लीनर उन्हाळ्यात १८९ ला मिळून गेलेला. दुकानाने कायदा मोडलेला नव्हता. कागदोपत्री सगळं चोख होतं, आणि माझ्यासमोर एक जोडपं आनंदाने तो खोका उचलून काउंटरकडे चाललं होतं. मला राग आला तो याचाच. ब्रिटनमध्ये व्हिच नावाची ग्राहकसंस्था ब्लॅक फ्रायडेच्या किमती वर्षभराच्या किमतींशी ताडून बघते, आणि तिलाही हेच आढळत आलं आहे की बहुतेक वस्तू वर्षात कधी ना कधी तेवढ्याच किंवा त्याहून कमी किमतीला मिळालेल्या असतात.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक आजी राहतात. त्यांना हा काळा शुक्रवार मुळीच आवडत नाही. त्यांच्या तरुणपणी जर्मनीत सेल वर्षातून दोनदाच होत आणि त्यांच्या तारखाही कायद्याने ठरलेल्या: जानेवारीचा शेवटचा सोमवार आणि जुलैचा शेवटचा सोमवार, तिथून कामाचे बारा दिवस. तेही फक्त कपडे, चपला-बूट, चामड्याच्या वस्तू, खेळाचं सामान अशा मालाला. एरवी १९३३ च्या सवलत कायद्याप्रमाणे रोखीने पैसे देणाऱ्याला जास्तीत जास्त तीन टक्के सूट. घासाघीस करायला जागाच नव्हती! तो कायदा २००१ साली गेला, सेलच्या तारखा २००४ साली. दुकान बंद करतोय म्हणून माल काढणाऱ्यालाही तेव्हा नियम होता, की त्याने पुढची दोन वर्षं त्याच ठिकाणी तोच धंदा पुन्हा सुरू करायचा नाही. हे ऐकल्यावर मला मंगल कार्यालयातली आपली कापडाची प्रदर्शनं आठवली, 'शेवटचे दोन दिवस' असा फलक महिनाभर लागलेली. इथेही गालिच्यांची दुकानं अशाच कायमच्या 'दुकान बंद'साठी प्रसिद्ध होती, असं आजींनी सांगितलं, आणि मला जरा बरं वाटलं.

जुलैतल्या त्या सोमवारी दार उघडायच्या आधीपासून रांग लागे, मोठाल्या टेबलांवर ढीग ओतलेले असत आणि बायका हाताला लागेल ते उपसत. आजींचं म्हणणं असं की तेव्हाची सूट खरी होती, कारण दुकानदाराला तो माल खरोखर नको असायचा. शरदातले कोट लावायला त्याला जागा लागायची. मी या वाक्यावर खूप विचार केला आणि मला ते पटलं आहे. दुकानदाराला माल का काढायचा आहे, याचं कारण दिसत असेल तर सूट बहुधा खरी असते. सुपरमार्केटमध्ये संध्याकाळी दह्याच्या डब्यावर ३० टक्क्यांची चिकटपट्टी लागते, कारण उद्या-परवा त्याची तारीख संपणार असते. ती सूट खरी. नवीन मॉडेल आलं की जुना टीव्ही उतरतो, तीही खरी. फेब्रुवारीतला लोकरी कोट, तीही खरी. पण नोव्हेंबरच्या शेवटी, नाताळच्या तोंडावर, मागणी सगळ्यांत जास्त असताना दुकानदार अचानक उदार होतो, तर कशासाठी?

खऱ्या सुटीचीही एक किंमत असते, ती मला लेकीच्या बुटांच्या वेळी कळली. नोव्हेंबरात पहिली थंडी पडली तशी तिच्यासाठी बर्फातले बूट बघायला गेलो. विक्रेत्या बाई पन्नाशीच्या होत्या. जोड पायात घालून, अंगठ्याजवळ दाबून बघत त्या हळूच म्हणाल्या, "थांबता येत असेल तर थांबा. जानेवारीअखेर हा जोड बराच उतरतो." स्वतःच्या दुकानाची विक्री घालवून परक्या बाईला असं सांगणारी माणसं या देशात आहेत, हे मी घरी फोन करून सांगितलं. पण थांबणार कशी? पोर रोज चिखलबर्फातून बालवाडीत जाणार. आणि जानेवारीअखेर उरतात ते २३ नंबरचे नाहीतर ३६ चे. मी पूर्ण पैसे देऊन बूट घेतले आणि ते योग्यच केलं. सेलमध्ये जे स्वस्त मिळतं ते आपल्याला हवं तेव्हा, हव्या मापात मिळत नाही, म्हणून तर ते स्वस्त असतं.

आता आपल्याकडचं. इथले काही भारतीय सहकारी जेवणाच्या सुट्टीत 'आपल्याकडे सगळी फसवाफसवीच' असं सुरू करतात, तेव्हा मला राहवत नाही. ज्या देशात केळ्यांच्या टक्क्यांसाठी खटला भरावा लागतो, तिथला व्यापारी काही वेगळ्या मातीचा नाही. आणि आपल्याकडे एमआरपी आहे! स्टुटगार्टच्या स्टेशनवर पाण्याची बाटली सुपरमार्केटच्या कितीतरी पट किमतीला विकतात आणि कुणी जाब विचारू शकत नाही, कारण कमाल किमतीचा छापील आकडाच नसतो. पुण्याच्या स्टेशनवर बाटलीवर छापलंय त्यापेक्षा जास्त मागितलं तर आपण बोट ठेवून दाखवू शकतो. हे लहान नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ करून घाऊक खरेदी करते आणि महिन्याचं सामान वाटते. माझ्या आत्याच्या घरी गोरेगावला ते वाटप व्हायचं, आम्ही मुलं साबणाच्या वड्या मोजायचो. तिथे सेल नव्हता, सूट नव्हती, वर्षभर रास्त भाव होता. जर्मनीतल्या ग्राहक केंद्राचं मी एवढं कौतुक करते, तर हेही सांगायलाच हवं. ग्राहक संरक्षण कायदाही आपल्याकडे १९८६ पासून आहे.

तरी एका ठिकाणी आपण मागे आहोत, आणि ते मला सलतं. तीच एमआरपी, जी आपल्याला जास्त पैसे मोजण्यापासून वाचवते, सेलमध्ये आपल्याविरुद्ध वापरली जाते. छापील किंमत हवी तेवढी चढी ठेवता येते, मग तिच्यावरून ७० टक्के सूट दाखवणं सोपं असतं. बारीक ओळ कुठेच नाही. फ्लिपकार्टने पहिला बिग बिलियन डे ६ ऑक्टोबर २०१४ ला केला. दुसऱ्याच दिवशी संस्थापकांना ग्राहकांची माफी मागावी लागली, आणि त्या पत्रात ऐन वेळी बदललेल्या किमतींचाही उल्लेख होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन फसव्या युक्त्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत 'फक्त दोनच शिल्लक' अशी खोटी घाई करणं मोडतं. ते चांगलंच झालं. पण खोडलेली किंमत शेवटची कधी लावली होती, हे विचारायचा हक्क त्यात नाही. जे काम स्टुटगार्टच्या ग्राहक केंद्राने युरोपात लक्झेंबर्गपर्यंत जाऊन केलं, ते आपल्याकडे ग्राहक पंचायतीने हाती घ्यावं असं मला फार वाटतं. त्यांनी याहून अवघड लढाया लढल्या आहेत.

तोवर घरच्यांना मी हेच सांगते. मला 'सेलमध्ये बघ' असं सांगू नका, वस्तूचं मॉडेल आणि तुमच्याकडचा आजचा भाव कळवा. इथल्या किमतीत १९ टक्के व्हॅट धरलेला असतो आणि मी इथली रहिवासी असल्याने तो मला परत मिळत नाही. आई-बाबा आले की त्यांना मिळू शकतो, कारण ते युरोपाबाहेर राहतात आणि वस्तू सोबत घेऊन जातात, बिल पन्नास युरोंच्या वर मात्र हवं. हे सगळं जमेला धरून गेल्या नोव्हेंबरात हिशेब केला, तर मावसभावाचे हेडफोन त्याला पुण्यातच स्वस्त पडत होते. त्याला ते खरं वाटेना. 'जर्मनीत ब्लॅक फ्रायडे असून?' असं त्याने विचारलं. मी त्याला दोन्हीकडचे भाव शेजारी शेजारी लिहून पाठवले आणि त्याने डेक्कनवरून घेतले.

या दसरा-दिवाळीच्या आधी तुमच्यापैकी कुणी मोबाइल, फ्रिज, मिक्सर असल्या मोठ्या खरेदीचा भाव ऑगस्टपासून टिपून ठेवला असेल, तर मला जरूर कळवा: मॉडेल, तारीख, सेलच्या आधीचा आणि सेलमधला भाव. कोपऱ्यावरच्या दुकानाचा भावही चालेल. पुढच्या लेखात मी ते इथल्या किमतींशेजारी मांडणार आहे.