ऊन पट्टीवर आलं आणि आकडा सरकला

१९८६ साली मांडवीवरचा पूल कोसळला. त्यानंतर बाबा बेतीहून फेरीबोटीने पणजीला कामावर जायचे. ती गोष्ट ऐकतच मी मोठी झाले. म्हणून शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट निवडताना लोखंडातला स्ट्रेन, म्हणजे मूळ लांबीच्या मानाने लांबीत पडणारा फरक, मोजणारं फायबर ब्रॅग ग्रेटिंग मी हट्टाने मागून घेतलं.

१२५ मायक्रॉन जाडीचा काचेचा तंतू. त्याच्या गाभ्यात अतिनील किरणांनी कोरलेले बारीक पट्टे प्रकाशाची एकच तरंगलांबी परत पाठवतात. तंतू ताणला की ती तरंगलांबी सरकते. १५५० नॅनोमीटरच्या आसपास एका मायक्रोस्ट्रेनला, म्हणजे लांबीत दहा लाखांत एक भाग फरकाला, साधारण १.२ पिकोमीटर, आणि तापमान एका अंशाने वाढलं तर साधारण १०. हा दुसरा आकडा मी फार सहज घेतला होता.

हा तंतू पोलादी पट्टीवर चिकटवण्यात आठवडा गेला. पट्टी पॉलिश पेपरने घासून ठेवली, तर फोंड्याच्या पावसाळी हवेत सकाळपर्यंत त्यावर तांबूस गंज. मग घासणं, अ‍ॅसिटोनने पुसणं आणि चिकटवणं एकाच बैठकीत उरकू लागले. पहिला तंतू आवरण काढलेल्या जागीच तुटला. त्या दिवशी खूप रडू आलं.

दुसरा नीट बसला. तापमानासाठी शेजारी नळीत एक सैल ग्रेटिंग ठेवलं. पट्टीवर वजन नव्हतं, तरी खिडकीतून ऊन आलं आणि चिकटवलेलं ग्रेटिंग ३७ पिकोमीटर सरकलं, सैल १५. वजाबाकी करूनही २२ उरले, म्हणजे अठराएक मायक्रोस्ट्रेन. डिंक सुटला असं समजून मी तीन दिवस डिंकच तपासत बसले.

लॅबमधले काका शांतपणे म्हणाले, "बाये, लोखंड फुगत नाय काय?"

पोलाद अंशाला सुमारे १२ मायक्रोस्ट्रेन फुगतं. तापमान दीड अंश वाढलं होतं, म्हणजे १८! सेन्सर खरं तेच सांगत होता. सैल तंतूला फक्त स्वतःचं तापमान कळत होतं, पट्टीचं फुगणं नव्हे. मग त्याच पोलादाचा एक तुकडा कापला, दुसरं ग्रेटिंग त्यावर चिकटवलं आणि तो तुकडा भार न देता पट्टीशेजारी मोकळा ठेवला.

२५ मिलिमीटर रुंद, ५ मिलिमीटर जाड पट्टी. ग्रेटिंगपासून ३० सेंटिमीटरवर एक किलो टांगला. सूत्राने १४१ मायक्रोस्ट्रेन यायला हवे होते. वजाबाकीनंतर १३९ आले. वजन काढलं, आकडा शून्याजवळ परतला. खिडकीतलं ऊन तेव्हा दोन्ही ग्रेटिंगवर होतं.