ठिगळ

आइस हॉकीच्या मॅचमध्ये तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या पिरियडच्या अखेरीला आमच्यावर झालेल्या त्या गोलचा व्हिडिओ मी अजून बघतो. कॅमेरा एकच, तोही समोरच्या कोपऱ्यात. पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, नेमका कशाने उडाला, दिसत नाही.

उत्तर इंग्लंडमधल्या एका रिंकवर बर्फ सांभाळणं हे माझं काम. आधी सांगलीकडे डेअरीच्या अमोनिया प्लँटवर होतो, त्यामुळे कॉम्प्रेसर नवा नव्हता. हॉकी नवी होती. आमचा संघ नॅशनल आइस हॉकी लीगच्या (एनआयएचएल) डिव्हिजन वन नॉर्थमध्ये. वर एलीट लीग, मग नॅशनल डिव्हिजन, मग आम्ही. खेळणारे इलेक्ट्रिशियन, शिक्षक, डिलिव्हरी ड्रायव्हर. रविवारी मार खायचा, सोमवारी कामावर हजर.

मार्चमधला शनिवार होता, प्लेऑफसाठी जिंकणं भाग होतं. हॉकीला बर्फ कडक लागतो, उणे पाच-सहा अंश. फिगर स्केटिंगवाल्यांना जरा मऊ हवा, उणे साडेतीन-चार, म्हणजे उडी घेताना पातं नीट रुततं. सकाळी त्यांचा क्लब, दुपारी पब्लिक सेशन. वीज महागल्यापासून मॅनेजरचा एकच मंत्र: सेटपॉइंट, म्हणजे यंत्राला लावून दिलेलं तापमान, वर ठेव. बर्फ जेमतेम दीड इंच, पण त्याखाली काँक्रीटची अख्खी लादी आणि तिच्या पोटात ग्लायकॉलच्या, म्हणजे गार करणाऱ्या द्रवाच्या नळ्या. ती लादी गार व्हायला काही तास जातात. सेटपॉइंट खाली आणायचा हुकूम मॅनेजरने दिला दुपारी तीनला. फेसऑफ, म्हणजे मॅचची सुरुवात, साडेपाचला! ऑफिसातल्या माणसाला वाटतं, बटण दाबलं की बर्फ घट्ट.

त्यात आमच्या जाळीपुढे, निळ्या अर्धवर्तुळाला लागूनच, उड्या मारून मारून मुठीएवढा खड्डा पडलेला. खड्डा नुसत्या पाण्याने भरत नाही. वरचा पापुद्रा गोठतो, खाली पोकळ राहतं. आधी सैल चुरा खरवडून काढायचा. मग झांबोनीने (बर्फ तासून वर गरम पाणी सोडणारी गाडी) तासलेला भुगा थोड्या पाण्यात कालवायचा, पुरणाइतका घट्ट, थराथराने दाबून बसवायचा. वर पक ठेवून टाचेने दाबला की कडा सपाट. मग कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचा फवारा. तळ गार असेल तर ठिगळ दगडासारखं धरतं. त्या दिवशी तळच गार नव्हता.

दुसऱ्या पिरियडनंतर बघतो तर अर्धं ठिगळ निघालेलं. पंधरा मिनिटांचा ब्रेक, त्यातली बरीचशी झांबोनी खाते. गरम पाणी मुद्दाम कमी सोडलं, मऊ बर्फावर जास्त सोडलं तर चिखल. उरलेल्या वेळात परत भरलं. रेफरीने स्केटच्या टोकाने ठोकून पाहिलं, मान हलवली. २०२३ मध्ये शेफील्डला ॲडम जॉन्सन हा खेळाडू मानेला स्केटचं पातं लागून गेला, तेव्हापासून मानेचे पट्टे सक्तीचे झाले, आणि व्हायलाच हवे होते. पण पाय कशात अडकून माणूस पडतो, ते बघायला खाली कोणी वाकत नाही. रेफरी निदान वाकला.

मग तो फटका. लांबून, जमिनीलगत, अगदी साधा. गोलकीपरने स्टिक आडवी टाकली आणि पक तिच्यावरून उडून जाळीत. ३-२, हरलो, सीझन संपला. स्टँडमधून एकाने माझ्याकडे बोट करून शिवी घातली. त्याने तिकीट काढलं होतं, मॅनेजरने काढलं नव्हतं. मॅनेजर तेव्हा घरी होता.

मी लगेच बर्फावर गेलो. ठिगळाची एक कड बोटाला लागत होती, नखाएवढी. ती गोलच्या आधी उठली की नंतरच्या धुमश्चक्रीत, सांगता येत नाही. कॅप्टन म्हणतो, ठिगळामुळेच. गोलकीपर म्हणतो, "माझ्या स्टिकची टाच वर होती." तो भला माणूस आहे, मला वाचवायलाही म्हणेल.

पुढच्या सीझनला मॅचच्या दिवशी सकाळीच सेटपॉइंट खाली आणायचा, असं मॅनेजर तोंडी म्हणालाय. मी लेखी मागितलंय. फिगर स्केटिंगच्या बाई आत्ताच कुरकुरायला लागल्यात.